नमस्कार घालणारा राजा

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास पालघरच्या किंवा बोईसरच्या रस्त्यावर उभे राहिले, तर चालायला निघालेली माणसे सहज दोन गटांत विभागता येतात. एक गट रमतगमत चालतो. त्यात गप्पा असतात, थट्टा असते, शेवटी चहाची टपरी असते. दुसऱ्या गटातली माणसे एकेकटी असतात. त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर किंवा मोबाईलमधल्या पावलांच्या आकड्यावर असते. डॉक्टरांनी पंचेचाळीस मिनिटे सांगितली आहेत, ती संपली की सुटलो, असा भाव चेहऱ्यावर असतो. शिरगाव, केळवे किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावरही हेच दोन गट दिसतात.

तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले, तर दुसरा गट बराच विरळ झालेला असतो. कारण साधे असते. साखरेचा अहवाल थोडा सुधारला, म्हणून चालणे थांबले. नाहीतर अहवाल सुधारला नाही, म्हणून थांबले. अहवाल कसाही आला तरी चालणे थांबले, ही त्यातली गंमत आणि तीच त्यातली काळजीची गोष्ट. मधुमेह आणि रक्तदाब हे आयुष्यभराचे सोबती असतात. तीन महिन्यांच्या व्यायामाने त्यांचे काही बिघडत नाही.

मग माणूस व्यायाम करतो तो आवडीने की केवळ फायद्यासाठी? आणि आवड नसेल, तर फायद्याच्या जोरावर तो किती दिवस टिकतो? या प्रश्नाचा एका माणसाच्या आयुष्यात जवळजवळ पन्नास वर्षे प्रयोग होऊन गेला आहे. रथसप्तमीला पालघर-बोईसर भागातल्या अनेक शाळांच्या मैदानांवर मुले रांगेने सूर्यनमस्कार घालतात. त्या रांगांचा धागा मागे मागे नेला, तर तो सातारा जिल्ह्यातल्या औंध या गावी, तिथल्या एका राजाच्या वाड्यात पोहोचतो. त्या राजाचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणत.

सँडोच्या मार्गाने

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. औंध हे सातारा, आजचा सांगली जिल्हा आणि विजापूर अशा भागांत विखुरलेले एक लहानसे संस्थान होते. पंतप्रतिनिधींचे घराणे शिवशाहीच्या परंपरेतले. अशा घरांत जोर, बैठका, कुस्ती, घोडदौड ही मुलांच्या वाढण्याचाच भाग असे. पण शिक्षण, कारभार आणि राजवाड्यातले जेवण या तिन्हींचा परिणाम वयाबरोबर शरीरावर दिसू लागतो. भवानरावही त्याला अपवाद नव्हते. पुण्यात शिकून आल्यावर वडिलांच्या कारभारात ते हात घालू लागले. तिशी जवळ आली तेव्हा शरीर सुटत चालले होते. आज बोईसरच्या कारखान्यात बढती मिळून यंत्रावरून टेबलावर आलेल्या माणसाचे जे होते, तेच.

त्या काळात युजिन सँडो या नावाची जगभर जादू होती. हा सँडो भवानरावांपेक्षा एकच वर्षाने मोठा, १८६७ मध्ये त्या वेळच्या प्रशियात जन्मलेला. पिळदार शरीराची प्रदर्शने करून त्याने नाव कमावले. पुढे डंबेल्स, स्प्रिंगची साधने, पुस्तके आणि मासिक यांचा मोठा व्यवसाय उभा केला. शरीर कमावणे ही पैलवानांची मिरास नसून कचेरीत बसणाऱ्या सामान्य माणसालाही घरच्या घरी करता येईल अशी गोष्ट आहे, हा विचार त्याने घरोघरी पोहोचवला. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आजच्या जिमच्या जाहिरातीतला पीळदार तरुण हा त्याचाच वारस.

१८९७ च्या सुमारास भवानरावांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि त्याच्या पद्धतीने व्यायाम सुरू केला. हा उत्साह चार दिवसांचा नव्हता. जवळजवळ दहा वर्षे त्यांनी तो नेमाने केला. त्याचा फायदाही झाला. छाती भरली, दंड भरले. म्हणजे फायद्यासाठी केलेल्या व्यायामाने फायदा दिला, हिशेब चोख झाला. तरीही दहा वर्षांनी त्यांनी तो सोडला.

या सोडण्याकडे नीट पाहिले पाहिजे. व्यायाम बंद पडतो तो फायदा झाला नाही म्हणून, असा समज असतो. इथे फायदा होऊनही व्यायाम मागे पडला. पुढे भवानरावांनी नमस्कारांची सँडोच्या पद्धतीशी जी तुलना मांडली, तिच्यातून कारण कळते. साधनांना खर्च होता. स्नायू मोठे होत होते, पण सगळे शरीर आतून-बाहेरून हलत नव्हते. श्वास, मन, श्रद्धा यांना त्यात काही काम नव्हते. म्हणजे शरीर व्यायाम करत होते आणि बाकीचा माणूस बाजूला उभा राहून वाट पाहत होता.

मिरजेचा सल्ला

१९०८ मध्ये मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांनी भवानरावांना सूर्यनमस्कार घालण्याचा सल्ला दिला. नमस्कार काही नवे नव्हते. महाराष्ट्रात मठांतून, आखाड्यांतून आणि घरांतून ते घातले जात होते, आणि समर्थ रामदासांचे नाव परंपरेने त्यांच्याशी जोडलेले होते. नवे होते ते एवढेच की चाळिशीला आलेल्या, दहा वर्षे पाश्चात्त्य व्यायाम केलेल्या माणसाने घरातलीच गोष्ट पुन्हा उचलली. आणि ती उचलली ती आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत ठेवली.

सँडोची पद्धत दहा वर्षांत संपली आणि नमस्कार संपले नाहीत, असे का झाले?

पहिले कारण, त्यात आडकाठी काहीच नव्हती. अंगाएवढी जागा पुरते. साधन नाही, जोडीदार नाही, वर्गणी नाही. प्रवासात असतानाही ते चुकत नाहीत. व्यायाम आणि माणूस यांच्यामध्ये जितके अडथळे कमी, तितका तो टिकतो. घरापासून लांबची जिम दोन महिन्यांत सुटते आणि घराच्या अंगणातली दोरीवरची उडी वर्षभर चालते, ती याच कारणाने.

दुसरे कारण, त्यात लय होती. औंधच्या पद्धतीत एका नमस्कारात ठरलेल्या स्थिती, त्यांना बांधलेला श्वास आणि प्रत्येक नमस्काराआधी मोठ्याने उच्चारलेली बीजाक्षरे व सूर्याचे नाव. म्हणजे शरीर, श्वास आणि आवाज एका तालावर. ताल असला की शरीराला श्रम कमी जाणवतात. नाखव्यांना हे ठाऊक असते. सातपाटीत किंवा डहाणूत जाळे ओढताना एका सुरात आवाज निघतो तो उगाच नाही.

तिसरे कारण सगळ्यांत मोठे. नमस्कार ही त्यांच्या लेखी पूजा होती. पूजा करणारा माणूस रोज सकाळी विचारत नाही, की आज मला मजा येणार आहे का. आज फायदा किती होईल, हेही विचारत नाही. दात घासायला कोणाला विशेष आनंद होत नाही, आणि दंतवैद्याचा खर्च वाचतो हा हिशेब करूनही कोणी रोज घासत नाही. ते नित्यकर्म असते. मजा आणि फायदा या दोन टोकांच्या मध्ये ही तिसरी जागा असते. भवानरावांचा व्यायाम त्या जागेवर जाऊन बसला. गोडी त्यातूनच पुढे आली. ती आधी यावी, अशी त्यांनी वाट पाहिली नाही.

हुकमाने व्यायाम

१९०९ मध्ये भवानराव औंधच्या गादीवर आले. आता त्यांच्या हातात सत्ता होती, आणि जे आपल्याला लाभले ते सर्वांना लाभावे ही तळमळही. आधी घर. राणीसाहेब, मुले, सगळे नमस्कार घालू लागले. स्त्रियांनी व्यायाम करायचा नसतो, अशी समजूत असलेल्या त्या काळात त्यांनी मुलींना आणि बायकांना नमस्कारात आणले, हे त्यांचे फार मोठे काम. मग संस्थानातल्या शाळा. तिथे मुलामुलींना सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. दरबारातल्या अधिकाऱ्यांनीही ते घालावेत अशी अपेक्षा राहिली.

या सक्तीचे दोन चेहरे आहेत. एकीकडे, ज्या खेड्यांतल्या मुलांसाठी कोणी काही करत नव्हते, त्यांच्या शरीराकडे एका राजाने लक्ष दिले. खर्चाशिवाय करता येण्याजोगा, जातपात आणि मुलगा-मुलगी न पाहणारा एक व्यायाम त्यांच्या हाती दिला. दुसरीकडे, राजा सूर्याला नमस्कार करत होता आणि मूल हुकमाला. हालचाल तीच, पण आतली गोष्ट वेगळी. शाळेत पीटीच्या तासाला शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावलेल्या मुलाच्या मनात धावणे आणि शिक्षा यांची जी गाठ बसते, ती पुढे चाळिशीत डॉक्टरांनाही सुटत नाही.

व्यायामाच्या मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत या गोष्टीचा बराच अभ्यास केला आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाची स्वतःची प्रेरणा तीन गोष्टींवर पोसली जाते. हे मी माझ्या इच्छेने करतो आहे ही भावना, हे मला जमते आहे ही भावना, आणि यात माझी माणसे आहेत ही भावना. या सिद्धान्तावर आधारलेल्या व्यायामविषयक संशोधनातून एक चित्र पुढे येते. फायद्याची जाणीव व्यायाम सुरू करायला उपयोगी पडते. तो वर्षानुवर्षे टिकतो मात्र ज्यांना त्यात स्वतःची गोडी सापडते त्यांचा. भीतीने किंवा लाजेने केलेला व्यायाम लवकर आटतो.

भवानरावांकडे या तिन्ही गोष्टी होत्या. निवड त्यांची स्वतःची होती. सरावाने नमस्कार उत्तम जमत होते. घर बरोबर होते. शाळेतल्या मुलांना यांपैकी दोन मिळाल्या. पहिली मिळाली नाही.

लंडनमधले पाहुणे

१९२० च्या दशकात भवानरावांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तके लिहिली, इंग्रजीतही लिहिले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा त्यांचे वय अडुसष्टच्या घरात होते. त्यांची तब्येत आणि चपळाई पाहून लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीबद्दल लिहिले. पुढे १९३८ मध्ये लंडनहून मॉर्गनबाईंनी संपादित केलेले त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक निघाले. ज्या देशातून सँडोची साधने औंधला आली होती, त्याच देशात औंधचे नमस्कार जाऊन पोहोचले. सँडो तोवर हयात नव्हता. १९२५ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी तो वारला होता. यावरून एक व्यायाम आयुष्य वाढवतो आणि दुसरा घटवतो, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. दोन माणसांच्या वयांवरून विज्ञान ठरत नाही.

भवानरावांनी नमस्कारांच्या बाबतीत जे दावे केले, त्यांनाही हाच नियम लावावा लागतो. नमस्काराने जवळजवळ सगळे रोग टळतात, अशी त्यांची श्रद्धा होती. आजचे वैद्यक तेवढे मान्य करणार नाही. ते इतके मान्य करील: सूर्यनमस्कारात मोठे स्नायू वापरले जातात, सांधे त्यांच्या पूर्ण आवाक्यात फिरतात, आणि सलग घातले तर हृदयाला व श्वासाला चांगला व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. त्या हिशेबात नमस्कार सन्मानाने बसतात. पण काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब, कंबरेची सरकलेली चकती, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ते विचारून करावेत. पन्नाशीत एकदम शंभर घालण्याचा पराक्रम कोणीच करू नये.

राजाने सोडले आणि ठेवले

भवानराव नुसते व्यायामी राजे नव्हते. ते स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत. औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले कलासंग्रहालय आजही पाहायला मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी आपल्या संस्थानात माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे त्यांचे पाठबळ होते. कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून शेतीवर वाढवण्याचा स्वतंत्रपूरचा प्रयोग त्यांच्याच संस्थानात झाला. त्यावरून पुढे व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला.

आणि १९३९ मध्ये त्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली. महात्मा गांधी, मॉरिस फ्रीडमन आणि आपले पुत्र अप्पासाहेब पंत यांच्या साथीने घटना तयार करून त्यांनी संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला. हिंदुस्थानातल्या शेकडो संस्थानिकांत हे धाडस करणारे फार थोडे. ज्या राजाने मुलांच्या सकाळी हुकमाने बांधल्या होत्या, त्यानेच प्रजेचे दिवस त्यांच्या स्वाधीन केले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. गादीचे अधिकार गेले, हुकूम देण्याची ताकद गेली. संस्थानाबरोबर सक्तीही संपली. राजाच्या स्वतःच्या नमस्कारांना मात्र कोणत्याच हुकमाचा आधार कधी नव्हता. १९५१ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी भवानराव गेले.

औंधचा आणखी एक माणूस पालघरकरांना भूगोलाने जवळचा आहे. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर अनेक वर्षे औंधला होते. आसने आणि सूर्योपासना यांवर त्यांनीही लिहिले. १९४८ मध्ये ते औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. पालघर, बोईसर, डहाणू, वापी ओलांडून याच पश्चिम रेल्वेवर लागते ते पारडी. तिथे ते १९६८ मध्ये वयाच्या शंभरीत वारले. संस्थान नसताना, राजा नसताना, दुसऱ्या गावी जाऊनही जे टिकले, ते स्वतःचे होते म्हणून.

तारपा आणि तारापूर

गोडीचे सर्वांत सुंदर उदाहरण पालघर जिल्ह्याबाहेर शोधायला नको. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारकडे सुगी झाली की तारपा वाजू लागतो. वादकाभोवती वारली बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून तासन्‌तास नाचतात. पायांना, हृदयाला, श्वासाला भरपूर व्यायाम होतो, आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. ताल आहे, माणसे आहेत, येण्याची सक्ती नाही. भवानरावांना नमस्कारात जे सापडले, तेच इथे वेगळ्या वेषात आहे.

याच जिल्ह्यात भाताच्या खाचरात दिवसभर वाकणारी बाई किंवा बोट लोटणारा कोळी यांना व्यायामाचा सल्ला देण्यात अर्थ नाही. त्यांना हवी आहे विश्रांती आणि पोटभर अन्न. हा प्रश्न आहे तो खुर्चीवर आलेल्यांचा. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचा, रोज लोकलने मुंबईकडे जाणाऱ्यांचा, फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांचा. त्यांच्या आईवडिलांना व्यायाम करावा लागत नव्हता, कारण जगणेच अंगमेहनतीचे होते.

त्यांच्यासाठी शरीरशास्त्राने एक सोपी खूण दिली आहे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतका वेग मध्यम समजावा. या वेगात बहुतेकांना व्यायाम करतानाच बरे वाटते. धाप लागण्याइतका जोर लावला की बहुतेकांना तो नकोसा होतो, आणि नकोशी आठवण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठू देत नाही. म्हणून सुरुवात हळू असावी आणि शेवट सोपा असावा. फायद्याची गंमत अशी की तो उशिरा येतो. एचबीए१सी ही चाचणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. तीन महिन्यांनी येणाऱ्या कागदासाठी आज पहाटे कोण उठेल? आजच्या पहाटेला आजचेच काही मिळायला हवे. समुद्रावरचा वारा, सोबत्याशी गप्पा, एखादे गाणे, बॅडमिंटनचा एक डाव, किंवा मंत्राबरोबर घातलेले बारा नमस्कार.

रात्रपाळी करणाऱ्याला पहाट साधत नसेल, तर त्याने संध्याकाळ धरावी. ज्याला नमस्कार जमत नाहीत त्याने पोहावे, सायकल चालवावी, नाचावे. निवड स्वतःची असली की झाले. पण एकदा निवडले, की आज मजा येईल का हा प्रश्न रोज सकाळी विचारू नये. त्या प्रश्नाचे पहाटेचे उत्तर नेहमी नाही असेच येते. गोडी यायला थोडे दिवस द्यावे लागतात. ते दिवस नेमाने भरावे लागतात.

औंधच्या राजाला सँडोच्या साधनांनी दहा वर्षे साथ दिली आणि नमस्कारांनी पुढचे सारे आयुष्य. रथसप्तमीला मैदानावर उभ्या केलेल्या मुलांना यातले एवढे जरी उमजले, की रांग शिक्षकांची असली तरी समोरचा सूर्य आपला आहे, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली काही जण कोणी न सांगता घरच्या अंगणात उभी राहतील.